बेलावरचे नंदी

महादेवाला भोक पडलेलं पान चालत नाही, हे महादेवानं नेमकं कुणाला येऊन सांगितलं, ते मला अजून कळलेलं नाही. आमच्या दिरांना मात्र ते पक्कं ठाऊक आहे. भीमाशंकर भाऊजींचं ताडकळसच्या बाजारपेठेत खता-औषधांचं दुकान आहे, आणि ज्याचं फवारणीच्या औषधांचं दुकान असतं त्याला जिकडं बघावं तिकडं कीडच दिसते.

आमचं गाव ताडकळसच्या अलीकडं, रस्त्याला लागून. घरामागच्या परसात बेलाचं एक जुनं झाड आहे. गावातल्या महादेवाला श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी संध्याकाळी मोठा अभिषेक होतो आणि त्या दिवशीचा बेल आमच्या घरातून जातो. हा मान आजेसासऱ्यांपासून चालत आलेला. तीन-तीन पानांचा निवडलेला बेल दुरडीत भरायचा, वर ओलं फडकं झाकायचं आणि घरातल्या पुरुषानं ती दुरडी डोक्यावर घेऊन हलगीच्या मागं चालत देवळात जायचं. घरात थोरले आमचे हे, बसवेश्वर. पण त्यांना मिरवायची हौस नाही. 'जाऊ दे' हा त्यांचा कायमचा जप. त्यामुळं दुरडी भाऊजींच्या डोक्यावर आली, आणि तिथून ती कधी उतरलीच नाही.

गेल्या श्रावणात दुरडी देवळात उतरली तेव्हा कुणीतरी एक पान उचलून दिव्यापुढं धरलं आणि म्हणालं, "भीमाशंकरराव, औषधाचं दुकान तुमचं, आन तुमच्याच बेलाची चाळणी?" लोक हसले. भाऊजी हसले नाहीत. ते हसणं त्यांनी वर्षभर पोटात धरून ठेवलं.

मला त्या भोकांचा कधी राग आला नाही, कारण ती पाडतं कोण ते मी रोज बघत होते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते झाड दिसतं. भाकरी तव्यावर टाकली की ती फुगेपर्यंत माणसानं दुसरं करायचं काय? काळ्या पंखांवर पिवळे ठिपके असलेलं एक फुलपाखरू त्या झाडाभोवती घिरट्या घालायचं. पानावर उतरायचं, पायानं पान चाचपायचं, पसंत नाही पडलं की दुसऱ्यावर जायचं. बाजारात वांगी निवडणारी बाई जशी दहा वांगी दाबून बघते आणि एक घेते, तसला चोखंदळपणा. पान पसंत पडलं की त्यावर खसखशीच्या दाण्याएवढं एकच अंडं ठेवून ते निघून जायचं.

त्या अंड्यातून निघालेली अळी लहान असताना हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते. मीसुद्धा फसले होते. देवाचं झाड म्हणून ओल्या फडक्यानं पुसायला गेले, तर ती विष्ठा चालायला लागली. पुढं तीच अळी कात टाकून टाकून हिरवीगार, करंगळीएवढी जाड होते आणि दिवसभर पान कुरतडत बसते. एकदा मी तिला काडीनं हळूच डिवचलं. तिनं डोकं वर केलं आणि डोक्यातून एकदम लाल-लाल शिंगांची जोडी बाहेर काढली. सडक्या लिंबासारखा उग्र वास आला. मी तशीच पळत जाऊन सासूबाईंना बोलावून आणलं.

सासूबाईंचं नाव नागुबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांची नजर अजून शाबूत आहे, पण किड्यामुंग्यांकडं बघत बसणं म्हणजे त्यांच्या लेखी रिकामटेकडेपणा. तरी त्या आल्या. मी पुन्हा काडी लावली. पुन्हा शिंगं बाहेर आली. आत्याबाई वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्यो तर नंदी हाय की गं," त्या म्हणाल्या. "म्हादेवाच्या झाडाखाली नंदी असायचाच."

तेव्हापासून आमच्या घरात त्या अळ्यांना नंदी म्हणायला लागले. आत्याबाई स्वतः येता-जाता विचारायच्या, "नंदी काय म्हणायलेत आज?" आणि मी सांगायची, कोणता वाढला, कोणता कोष करून डहाळीला चिकटून बसला, कोणत्या नंदीला शिंपिणीनं उचलून नेलं.

ही शिंपीण म्हणजे मुठीत मावेल एवढं हिरवट पाखरू, डोक्यावर विटकरी टोपी, शेपूट उभी. बेलाच्या शेजारी पेरूचं झाड आहे. त्याची दोन रुंद पानं ओढून, काठाला चोचीनं भोकं पाडून, कापसाच्या धाग्यानं तिनं ती शिवली होती. कापूस कुठला, तर आत्याबाईंचा. त्या ओट्यावर वाती वळत बसायच्या आणि ही बाई पुढ्यातून कापूस उचलून न्यायची. पहिल्यांदा आत्याबाईंनी तिला हाकललं. मग मी त्यांना ते शिवलेलं घरटं दाखवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या थोडा कापूस पिंजून मुद्दाम ओट्याच्या कडेला ठेवायला लागल्या. "लुगड्याला एवढी टीप मला बी घालता येत न्हाई," म्हणाल्या. श्रावण लागला तेव्हा घरट्यात पिल्लं होती. शिंपीण आणि तिचा नवरा दिवसभर बेलावरून पेरूवर आणि पेरूवरून बेलावर येरझाऱ्या घालत होते. चोचीत प्रत्येक वेळी काहीतरी वळवळणारं.

म्हणजे बेलाला भोकं पडत होती आणि भोकं पाडणाऱ्यावर पिल्लं वाढत होती. इतका सरळ हिशोब होता. भाऊजींना मात्र त्यात नुसती भोकं दिसली.

"वैनी, औंदा हे झाड फवारून घ्यावं लागंल," एका सकाळी डहाळी खाली ओढून ते म्हणाले.

"फवारू नका. पिल्लं हायत."

"पिल्लं पेरूवर हायत. बेलावर काय हाय?"

"त्यांचं जेवण हाय."

भाऊजी हसले. दुकानात गिऱ्हाईकानं काहीतरी खुळचट विचारलं की हसतात तसे. "गावात माझी इज्जत जायची येळ आली आन तुमी चिमण्यांच्या पंगती मांडायल्यात," म्हणाले.

मी आत्याबाईंकडं बघितलं. पण त्या बाबतीत त्याही काठावर होत्या. त्या रोज सकाळी अंघोळ करून लिंगायतांच्या रीतीप्रमाणं गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेतात, विभूती लावतात, वर बेलाचं एक पान ठेवतात, पाणी घालतात. पूजा झाली की ते तीर्थ पितात आणि पान प्रसाद म्हणून चावून खातात. साखरेच्या दुखण्यावर बेल चांगला, म्हणून आणखी दोन-चार पानं तशीच तोंडात टाकतात. पण पूजेचं पान त्या स्वतः निवडून तोडायच्या. कुरतडलेलं असलं की बाजूला. "फाटकं पान हातावरल्या लिंगाला मी बी वाहत न्हाई, अनुपमा. रीत हाय ती," त्या म्हणाल्या.

रीत असेल. रीतीशी माझं भांडण नव्हतं. झाडावर धड पानंही रग्गड होती, फक्त शोधावी लागत होती. मी म्हणाले, "दुरडीचा बेल मी निवडीन. एक बी भोकाचं पान सापडलं तर मला बोला. पण पिल्लं उडून जाईस्तोवर झाडाला औषध लावायचं न्हाई." मला एवढंच हवं होतं. पिल्लांना पंख फुटून ती उडेपर्यंत झाडाला कुणी हात लावू नये. ह्याहून मोठं काही मी मागितलं नव्हतं.

आत्याबाईंना ते पटलं. त्यांनी भाऊजींना देवघरापुढं उभं केलं. भाऊजींनी कपाळाला विभूती लावली आणि म्हणाले, "ठीक हाय. न्हाई मारत."

विभूती लावून. हे मी मुद्दाम सांगते आहे.

तिसऱ्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी सेलूला माझ्या धाकट्या बहिणीकडं बारसं होतं. जावं की जाऊ नये, असं मला झालं होतं. दुरडीची निवड डोक्यावर होती. पण रविवारी दुपारी परत यायचं आणि सोमवारी दिवसभर निवडायचं, असं ठरवून मी गेले. बारशात माझं लक्ष नव्हतं. बहीण म्हणाली, "बारशाला आलीस आन जीव परसात ठिवून आलीस." खरंच होतं ते.

रविवारी दुपारी फाटकातून आत आले आणि पाय तिथंच थांबले. कपाशीच्या दिवसांत अख्ख्या शिवारावर जो वास तरंगतो, नाकातून घशात उतरणारा, तो वास माझ्या घराच्या दारात आला होता. पिशवी तिथंच टाकून मी मागं गेले.

झाड लखलखत होतं. पानापानावर वाळलेल्या थेंबांचे पांढुरके डाग. खाली नंदी पडले होते. कुणी वाकडे होऊन, कुणी अजून शिंगं बाहेर काढून. त्यांना ओढून न्यायला आलेल्या मुंग्याही तिथंच आडव्या झाल्या होत्या. आणि पेरूवर शिंपीण. तिच्या चोचीत एक अर्धमेली अळी होती. ती घरट्याच्या तोंडाशी जायची, वाकायची, मागं यायची, पुन्हा जायची. आतून एकही चोच उघडत नव्हती. मी डहाळी वाकवून बघितलं. पिल्लं आत होती. माना एकमेकांवर टाकलेल्या. त्यांच्या आईनं आणि बापानं सकाळभर राबून त्यांना एकेक घास विष भरवलं होतं.

मला रडू आलं नाही. राग आला. असा राग की डोळ्यांपुढचं झाड हलायला लागलं.

आमचा सालगडी पंडित गोठ्यात होता. त्याला विचारलं तर तो खाली बघायला लागला. "काल दिवेलागणीला भाऊ म्हणले मार, म्हणून मारलं. आजी देवळात गेल्या होत्या. तुमाला सांगू नको म्हणले," तो म्हणाला. त्याचा काय दोष? पंप त्याच्या पाठीवर होता, हुकूम दुसऱ्याच्या तोंडात.

तेवढ्यात भाऊजीच आले. मी ती पिल्लं बेलाच्या पानांवर ठेवून त्यांच्यापुढं धरली.

"हे काय हाय?"

त्यांनी एक नजर टाकली. "पाखराची पिल्लं मरतच असतेत, वैनी. औषध लय सौम्य होतं."

"देवघरापुढं काय म्हणाला होतात?"

"सोमवार तोंडावर आला. तुमी सेलूला जाऊन बसलात. मी करू काय?"

म्हणजे दोष माझा. मी बारशाला गेले म्हणून त्यांना शपथ मोडावी लागली. मी आणखी बोलणार होते, खूप बोलणार होते, पण घरातून ओकारीचा आवाज आला.

आत्याबाई मोरीपाशी बसल्या होत्या. अंगाला दरदरून घाम, तोंडातून लाळ. आमचे हे त्यांची पाठ चोळत होते. "सकाळधरनं पित्त झालंय," ते म्हणाले. "उपासाचं असंल. जाऊ दे, आराम पडंल."

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख झालं. सकाळ. अंघोळ. तळहातावरचं लिंग. वर बेलाचं पान. ढगाळ सकाळच्या अंधुक उजेडात ना पानांवरचे डाग दिसणार, ना खाली पडलेले नंदी. वास आला असला तरी तो शिवारातल्या कपाशीचाच वाटला असेल. मी विचारलं, "आत्याबाई, आज बेल खाल्ला?" त्यांनी मान हलवली. माझ्यामागं भाऊजी उभे होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला. आईची रोजची सवय माणूस विसरतो, कारण त्याला गावातलं हसू आठवत असतं.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आत्याबाईंच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितली आणि आम्हाला विचारलं, "घरात, शेतात कुठं फवारणी झालीय का?"

मी भाऊजींकडं बघितलं. सांगायचं त्यांनी. औषध त्यांचं, हुकूम त्यांचा, आई त्यांची.

"न्हाई," भाऊजी म्हणाले.

आईच्या हाताला सलाईन लागलेलं आणि हा माणूस डॉक्टरांना न्हाई म्हणतो. आजवर दिरापुढं मी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. म्हणाले, "झालीय. काल संध्याकाळी झालीय. कोणतं औषध होतं त्याचं नाव ह्यांना विचारा. ह्यांच्या दुकानातलंच हाय. आन ती पानं आत्याबाईंनी खाल्लीत." आख्खा वॉर्ड आमच्याकडं बघायला लागला. बघू दे. भाऊजींनी खाली मान घालून औषधाचं नाव सांगितलं, आणि मग योग्य इंजेक्शनं सुरू झाली.

सोमवारी सकाळी आत्याबाईंनी चहा मागितला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, संध्याकाळी घरी न्या. भाऊजी दुपारीच "दुकान बघून येतो" म्हणून निघून गेले होते. मला बरंच वाटलं. त्यांचं तोंड दिसलं की माझं तोंड सुटत होतं.

दिवस कलताना आम्ही आत्याबाईंना घेऊन जीपनं गावात शिरलो. वेशीपाशी हलगीचा आवाज आला. देवळाकडून. मला वाटलं, अभिषेक आहे, हलगी असणारच. पण आत्याबाई सीटवर सरळ झाल्या.

"बसवेश्वर, बेल कोणता गेलाय?"

आमचे हे समोर बघत गाडी चालवत राहिले.

"मी काय विचारायले?"

"आपलाच," ते म्हणाले. "भीमानं फोन केलता. मिठाच्या पाण्यात धुऊन घेतलाय म्हणला. मान चुकवून कसं चालंल? जाऊ दे आता, लिंगावरच वाहायचाय, कुणी खायलंय थोडंच."

मी आयुष्यात पुष्कळदा 'जाऊ दे' ऐकलंय. भाजी खारट झाली, जाऊ दे. शेजाऱ्यानं बांध कोरला, जाऊ दे. पण कालच स्वतःच्या आईला मरणाच्या दारात नेऊन आणलेलं पान गावाच्या देवावर, गावाच्या तीर्थात जातं, तरी जाऊ दे? मी म्हणाले, "त्या लिंगावरचं पाणी सगळ्या गावाच्या ओंजळीत पडतं. ते बी जाऊ द्यायचं का?" आत्याबाई म्हणाल्या, "गाडी देवळाकडं घे."

देऊळ भरलं होतं. अभिषेक नुकताच झालेला. लिंग दिसतच नव्हतं, नुसता हिरवागार बेल, डोंगरासारखा, आणि एका पानाला भोक नाही. लोक तेच कौतुकानं बघत होते. भाऊजी गाभाऱ्याच्या दाराशी उभे, कपाळावर विभूतीचे तीन ताजे पट्टे. सिताराम गुरव लिंगावरून ओघळलेलं पाणी कळशीत धरून बाहेर आला होता आणि हातात पळी घेऊन वाटायला वळला होता. रांगेत सगळ्यात पुढं लेकरं होती. लेकरांना तीर्थाची फार घाई असते.

"कुणी तीर्थ घेऊ नका," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. हलगी थांबली. मी सांगितलं, झाडावर शनिवारी औषध मारलंय, आत्याबाई तीच पानं खाऊन दवाखान्यात होत्या, आत्ता तिथूनच आलोय. लोक एकमेकांकडं बघायला लागले. मग कुजबुज सुरू झाली. घरचं भांडण देवळात आणलं, असं एक जण म्हणाला. दिराचा मान बघवेना, असं एक बाई म्हणाली. भाऊजी कुणाकडं न बघता म्हणाले, "पानं धुतलेली हायत. वैनीला त्या पाखरांचा नाद हाय, म्हणून चाललंय हे सगळं."

सिताराम गुरव तसा साधा माणूस. त्याला दोन्ही बाजू सांभाळायच्या होत्या. तो म्हणाला, "अवो ताई, म्हादेवानं हलाहल पचवलं. त्याला कशाचं इख बाधायलंय? त्याच्या अंगावरनं आलेलं पाणी म्हंजी अमृत." लोकांना ते आवडलं. दोघा-तिघांनी 'हर हर महादेव' म्हटलं. एका लेकरानं हात पुढं केला. मी त्याचा हात धरून मागं ओढला आणि त्याची आई माझ्यावर खेकसली. माझ्याकडं आता दुसरं बोलायला काही उरलं नव्हतं. खरं सांगून झालं होतं आणि ते पुरत नव्हतं. त्या वेळी जो संताप झाला तो मला आजही तसाच्या तसा आठवतो.

तेवढ्यात आत्याबाई पुढं आल्या. हाताला सलाईनची पट्टी तशीच. ह्यांचा आधार त्यांनी पायरीवरच सोडला होता. त्यांनी गुरवाच्या हातून पळी घेतली, कळशीत बुडवली आणि भरलेली पळी भाऊजींपुढं धरली.

"म्हादेवाला इख पचतंय, खरं हाय," त्या म्हणाल्या. "तुला पचतंय का, बघ. तू आधी घे."

भाऊजींनी उजव्या हाताचा तळवा पुढं केला. करणं भागच होतं, गाव बघत होतं. आत्याबाईंनी पळी वाकवली. तळव्यात पाणी पडलं. भाऊजींनी ते तोंडाकडं नेलं, आणि हात तिथंच थांबला. ओठांपासून बोटभर अंतरावर. मग बोटं सैल झाली आणि पाणी मनगटावरून, कोपरावरून, धोतरावर गळत गेलं. एक थेंबही तोंडात गेला नाही.

सर्वांत आधी त्या लेकराच्या आईनं लेकराला उचलून घेतलं. मग गुरवानं कळशी उचलली आणि देवळामागं एक खड्डा खणून त्यात रिती केली. बेल काढून त्याच खड्ड्यात पुरला. गाभारा, नंदी, पायऱ्या, सगळं विहिरीच्या पाण्यानं धुऊन काढलं. ते होईपर्यंत आत्याबाई नंदीच्या शेजारी बसून होत्या. दुरडी रिकामी पडली होती. आत्याबाईंनी ती मला उचलायला सांगितली.

घरी येताना भाऊजी आमच्या मागून चालत होते. मला वाटलं, आता माणूस काहीतरी बोलेल. चुकलं म्हणेल. आईला हात जोडेल. फाटकापाशी आल्यावर ते म्हणाले, "पुढच्या वर्सी सेंद्रिय मारू."

मी थांबले. इतकं होऊन ह्या माणसाला झाडाकडं बघून फक्त पंपच आठवतो. तोंडाशी आलेलं मी बोलणारच होते, पण आत्याबाई आधी बोलल्या. "पुढच्या वर्सी दुरडी अनुपमा नेईल. तुझ्या डोक्यावर न्हाई ठिवायची आता." एवढं बोलून त्या आत गेल्या. भाऊजी फाटकातच उभे राहिले. आमचे हे त्यांना 'जाऊ दे' म्हणाले नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदाच.

मान मिळाला म्हणून मी खूश झाले असेन असं कुणाला वाटत असेल, तर नाही. पेरूवरचं घरटं तसंच लोंबत होतं. शिंपीण एकदाही आली नाही. कापूस ओट्याच्या कडेला वाऱ्यानं इकडं-तिकडं होत होता. मी ती पिल्लं पेरूच्या बुडाशी पुरली, आणि माती सारताना सगळा वेळ त्या पांढरट डागांच्या झाडाला नाही, तर ते डाग पाडणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते. देवळात खरं ठरल्यानं पिल्लं परत येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी अंघोळ केली आणि पंडितला शेताच्या बांधावरच्या बेलाची डहाळी आणायला लावली. त्या झाडाकडं कधी कुणी लक्ष दिलेलं नाही. त्यांनी तळहातावर लिंग घेतलं, विभूती लावली आणि डहाळीवरून पान निवडायला लागल्या. धड पान आलं की बाजूला. आणखी एक धड आलं, तेही बाजूला. मला वाटलं, नजर चुकतेय. मी म्हणाले, "आत्याबाई, ते चांगलं हाय की."

त्यांनी एक कुरतडलेलं पान काढलं, उजेडाकडं धरून भोक बघितलं, आणि लिंगावर ठेवलं.

"नंदीनं ज्याला तोंड लावलं न्हाई," त्या म्हणाल्या, "ते पान मी आता तोंडात घालत न्हाई."